दोन आश्वासनं, एक श्वेतपत्रिका: ब्रिटनची १९७२ची शिक्षणयोजना

६ डिसेंबर १९७२ रोजी ब्रिटनच्या शिक्षणमंत्री मार्गारेट थॅचर यांनी पुढच्या दहा वर्षांची शिक्षणयोजना श्वेतपत्रिकेच्या रूपाने जाहीर केली. नाव होतं 'एज्युकेशन: अ फ्रेमवर्क फॉर एक्स्पान्शन', म्हणजे विस्ताराचा आराखडा. शाळांच्या जुनाट इमारती, शिक्षकांची संख्या, शिक्षक-प्रशिक्षण असं बरंच काही तिच्यात होतं. पण गाजली ती दोन आश्वासनं. एक, ज्या आईवडिलांना हवं असेल त्यांच्या तीन आणि चार वर्षांच्या मुलांना दहा वर्षांत मोफत नर्सरी शिक्षण मिळेल. दुसरं, १९८१पर्यंत उच्च शिक्षणात पूर्णवेळ विद्यार्थ्यांसाठी साडेसात लाख जागा असतील.

दोन्ही आश्वासनं एकाच मंत्र्याची, एकाच कागदावरची, एकाच मुदतीची. दोन्ही मुदतीत पुरी झाली नाहीत. मात्र ती ज्या तऱ्हेने फसली त्यात फार फरक आहे, आणि हे प्रकरण अभ्यासण्याजोगं आहे ते त्या फरकामुळे. उच्च शिक्षणाचा आकडा टप्प्याटप्प्याने, जाहीरपणे, वाद घालत खाली आणला गेला. नर्सरीचं आश्वासन मात्र कुणी अधिकृतपणे मागेही घेतलं नाही. ते तसंच विरून गेलं. असं का झालं, याची बरीचशी उत्तरं पैसे कोणत्या खिशातून जात होते त्यात सापडतात.

योजनेमागचं वातावरण

थॅचरबाई तेव्हा लोकप्रिय नव्हत्या. १९७१मध्ये सात वर्षांवरच्या मुलांचं शाळेतलं मोफत दूध बंद केल्यामुळे 'दूध हिसकावणारी' ही ओळख त्यांना चिकटली होती. खर्च कापणारी बाई म्हणून त्यांची आठवण काढणाऱ्यांना हे पटायला जड जातं, पण शिक्षणमंत्री म्हणून त्यांचा बराचसा काळ खर्च वाढवण्यात गेला. ओपन युनिव्हर्सिटी त्यांनी वाचवली, शाळा सोडण्याचं किमान वय १५वरून १६वर नेण्याचा रखडलेला निर्णय त्यांच्याच काळात अमलात आला, आणि वर ही श्वेतपत्रिका.

नर्सरीच्या मागे लेडी प्लाउडन यांच्या समितीचा १९६७चा अहवाल उभा होता. चार वर्षांच्या ९० टक्के आणि तीन वर्षांच्या ५० टक्के मुलांसाठी नर्सरीची मागणी येईल, असा त्या समितीचा अंदाज होता, आणि श्वेतपत्रिकेने तोच उचलला. तोवर परिस्थिती वाईट होती. १९६०च्या एका सरकारी परिपत्रकाने नर्सरींची वाढ जवळपास गोठवली होती. ती पोकळी आयांनीच भरून काढली: १९६१पासून प्लेग्रुपची चळवळ सुरू झाली आणि चर्चच्या सभागृहांत, सामुदायिक हॉलमध्ये सकाळी खेळणी मांडायची आणि दुपारी दुसऱ्या कार्यक्रमाला जागा हवी म्हणून सगळं पुन्हा कपाटात भरायचं, असे वर्ग देशभर उभे राहिले. जून १९७२मध्ये समाजसेवा खात्याचे मंत्री कीथ जोसेफ यांनी गरिबी एका पिढीकडून दुसरीकडे कशी जाते यावरचं आपलं बहुचर्चित भाषण केलं, तेही याच प्लेग्रुप संघटनेसमोर. लहान वयात हस्तक्षेप केला तर पुढचं बरंच टळतं, ही कल्पना तेव्हा हुजूर (थॅचर यांचा) आणि मजूर अशा दोन्ही पक्षांना पटलेली होती.

विद्यापीठांच्या बाजूला वारसा लॉर्ड रॉबिन्स यांचा. १९६३च्या त्यांच्या अहवालाने तत्त्व घालून दिलं: जो पात्र आहे आणि ज्याला शिकायचं आहे, त्याला जागा मिळाली पाहिजे. १९६२-६३मध्ये पूर्णवेळ विद्यार्थी सुमारे २,१६,००० होते. रॉबिन्स यांनी १९८०च्या सुमारास साधारण ५,६०,००० जागा लागतील असं धरलं. प्रत्यक्षात विद्यार्थी त्याहून भराभर आले. १९७०मध्ये खात्याच्याच नियोजनकारांनी १९८१साठी ८,३५,०००चा अंदाज मांडला होता. त्यामुळे १९७२चा साडेसात लाखांचा आकडा बाहेरून विस्तार दिसत असला तरी आतल्या लोकांच्या दृष्टीने ती कपातच होती. श्वेतपत्रिकेच्या नावातला 'विस्तार' विद्यापीठवाल्यांना टोचला, त्याचं कारण हे.

तरीही आकडा लहान नव्हता. १९६१मध्ये त्या वयाच्या तरुणांपैकी ७ टक्के उच्च शिक्षणात जात, १९७१मध्ये १५ टक्के. १९८१साठी लक्ष्य होतं २२ टक्के. जागा विद्यापीठं आणि पॉलिटेक्निक-महाविद्यालयं (विद्यापीठ नसूनही पदवीपर्यंत शिकवणाऱ्या, स्थानिक परिषदांच्या संस्था) यांच्यात निम्म्यानिम्म्या वाटायच्या होत्या.

एका नगरपरिषदेच्या टेबलावर

आता हे सगळं प्रत्यक्ष राबवायचं कुणी? इंग्लंडमध्ये शाळा केंद्र सरकार चालवत नव्हतं. काउंटी किंवा शहराची निवडून आलेली परिषद हीच स्थानिक शिक्षण प्राधिकरण असे. नर्सरीही तिची, पॉलिटेक्निकही तिचं. म्हणून एखाद्या परिषदेची शिक्षण समिती १९७३मध्ये हिशोबाला बसली की तिच्यासमोर काय चित्र असे, ते जरा जवळून पाहायला हवं.

जानेवारी १९७३मध्ये नर्सरीबद्दलचं परिपत्रक आलं. नर्सरी मुख्यतः प्राथमिक शाळांना जोडलेल्या वर्गांच्या रूपात उभ्या करायच्या होत्या आणि बहुतेक मुलांना अर्धा दिवसच द्यायचा होता. साधारण २६ जागांचा वर्ग, एक शिक्षिका, एक प्रशिक्षित मदतनीस. सकाळी २६ मुलं, दुपारी दुसरी २६. म्हणजे एका खोलीत, दोन पगारांत ५२ मुलं. कागदावर ही व्यवस्था फारच स्वस्त दिसते, आणि आश्वासन परवडेल असं कोषागाराला वाटण्याचं मोठं कारण हा अर्धा दिवसच होता.

खोली बांधायला केंद्राची परवानगी आणि कर्जाची मुभा मिळत होती. १९७४-७५ आणि १९७५-७६ या दोन वर्षांसाठी दर वर्षी दीड कोटी पौंडांचा खास नर्सरी-बांधकाम कार्यक्रम ठेवला होता. पण खोली एकदाच बांधायची असते. शिक्षिकेचा पगार, मदतनीसाचा पगार, कोळसा, दुरुस्ती हे दर वर्षी लागतं. त्यासाठी परिषदेकडे दोनच वाटा होत्या: स्थानिक मालमत्ता कर, ज्याला तिकडे तेव्हा 'रेट्स' म्हणत, आणि केंद्राकडून येणारं ढोबळ अनुदान. या अनुदानावर कोणत्याही कामाचं नाव लिहिलेलं नसे. त्यातून परिषदेने नर्सरी चालवावी, रस्ता करावा की अग्निशमन दलाला गाडी घ्यावी, हे तिचं तिने ठरवायचं. केंद्राने नर्सरीचा खर्च हिशोबात धरलाय असं सांगितलं, तरी तो पैसा तिथेच जाईल याची कसलीही हमी नव्हती.

त्याच टेबलावर त्याच परिषदेच्या पॉलिटेक्निकची फाइल असे. तिचं गणित उलटं. पदवी पातळीच्या अभ्यासक्रमांचा खर्च देशातल्या सगळ्या परिषदा मिळून एका सामायिक गंगाजळीतून भागवत. माझ्या पॉलिटेक्निकमध्ये शंभर विद्यार्थी वाढवले तर त्यांचा खर्च मुख्यतः इतरांच्या डोक्यावर. या गंगाजळीला १९८०पर्यंत वरची मर्यादाच नव्हती. शिवाय १९६२च्या कायद्याने पदवीसाठी प्रवेश मिळालेल्या पात्र विद्यार्थ्याला परिषदेने निर्वाहाचं अनुदान देणं बंधनकारक केलं होतं. या अनुदानाचा बहुतेक भाग केंद्र भरून देई. विद्यार्थ्याला जागा मिळाली की पैसा कायद्याने त्याच्या मागे येत होता.

तीन वर्षांच्या मुलाच्या मागे असा कायदा नव्हता. १९४४च्या शिक्षण कायद्यात पाच वर्षांखालच्या मुलांच्या गरजेचा 'विचार करावा' एवढंच होतं. सक्तीचं शिक्षण पाचव्या वर्षी सुरू व्हायचं. मुलाला जागा मिळाली नाही तर न्यायालयात जायला कारण नव्हतं, आणि मुलाच्या वतीने मंत्रालयात जाऊन भांडायला कुलगुरूंसारखी मंडळी नव्हती. विद्यापीठांकडे त्यांची अनुदान समिती होती, पाच-पाच वर्षांचं अनुदान ठरवण्याची जुनी रीत होती, वर्तमानपत्रांत पत्रं लिहिणारे प्राध्यापक होते.

माझ्या मते या प्रकरणाचा निकाल इथेच, तेलसंकटाच्या आधीच, निम्मा लागला होता.

१९७३ नंतर

ऑक्टोबर १९७३मध्ये मध्यपूर्वेत युद्ध पेटलं आणि काही महिन्यांत तेलाचे भाव चौपट झाले. त्याआधीच अर्थमंत्री अँथनी बार्बर यांच्या धोरणामुळे अर्थव्यवस्था तापलेली होती. डिसेंबरमध्ये बार्बर यांनीच पुढच्या वर्षाच्या सरकारी खर्चातून सुमारे १२० कोटी पौंड कापले, त्यात बांधकामावर मोठी कात्री होती. जानेवारीत कारखाने आठवड्यातून तीन दिवस चालू लागले, फेब्रुवारीत निवडणूक झाली आणि थॅचर ज्यात मंत्री होत्या ते पंतप्रधान एडवर्ड हीथ यांचं सरकार गेलं. श्वेतपत्रिकेला जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं.

त्यातच एप्रिल १९७४मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांची फेररचना झाली आणि इंग्लंड-वेल्समधली शिक्षण प्राधिकरणं दीडशेहून अधिकची जेमतेम शंभरावर आली. जुन्या परिषदेने काढलेली नर्सरीची योजना नव्या परिषदेच्या नव्या सभासदांपुढे नव्याने मांडायची वेळ आली. हा योगायोग फारसा कुणी मोजत नाही, पण ज्या कामाला कायद्याचा टेकू नाही त्याला अशी फेररचना चांगलीच महाग पडते.

मजूर पक्षाच्या सरकारने नर्सरीचं धोरण नाकारलं नाही. उलट ते आपलंच मानलं. पण १९७५मध्ये महागाई २४ टक्क्यांच्या आसपास पोचली होती. त्या वर्षी स्थानिक परिषदांचा कारभार पाहणारे मंत्री अँथनी क्रॉसलंड यांनी स्थानिक परिषदांना जाहीरपणे सांगितलं की मेजवानी आता संपली. हेच क्रॉसलंड दशकभरापूर्वी शिक्षणमंत्री असताना पॉलिटेक्निकची योजना घेऊन आले होते. १९७६मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घ्यावं लागलं आणि खर्चाला रोखीच्या मर्यादा लागल्या. आता चमत्कारिक दृश्य दिसू लागलं: नर्सरी बांधायची परवानगी हातात असून अनेक परिषदा ती वापरेनात. इमारत उभी राहिली तर पगार द्यावे लागतील, म्हणून इमारतच नको. अशा वेळी कुणालाही 'नर्सरी रद्द' असं म्हणावं लागत नाही. केंद्र म्हणतं आम्ही मंजुरी दिली, परिषद म्हणते आम्हाला अनुदान पुरत नाही, आणि दोघंही खरंच बोलत असतात.

उच्च शिक्षणाचं तसं नव्हतं. तिथे आकडा जाहीर होता, म्हणून तो कमी करायचा तरी जाहीरपणेच करावा लागला. १९७४मध्ये साडेसात लाखांचे ६,४०,००० झाले. पुढे ६,००,००० आणि शेवटी ५,६०,०००. म्हणजे चौदा वर्षांपूर्वी रॉबिन्स यांनी जो आकडा धरला होता, त्याच्यापाशी गाडी परत आली. प्रत्येक वेळी आरडाओरड झाली, प्रश्न विचारले गेले, कागद निघाले. जागा कमी झाल्या, पण कुणाच्या नकळत नाही.

जन्माचे आकडे

सगळा दोष पैशावर ढकलणं मात्र बरोबर होणार नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६४मध्ये सुमारे ८,७६,००० बाळं जन्माला आली. तो शिखराचा आकडा. त्यानंतर उतरती कळा लागली आणि १९७७मध्ये जन्म ५,६९,०००वर आले. आता योजनेची मुदत या आकड्यांवर ठेवून पाहा. १९८१-८२मध्ये अठरा वर्षांची होणारी मुलं १९६४च्या आसपासची, म्हणजे शिखरावरची. त्याच वेळी तीन-चार वर्षांची असणारी मुलं १९७७-७८ची, म्हणजे अगदी तळातली. एकाच वर्षी एका टोकाला सर्वांत जास्त गर्दी आणि दुसऱ्या टोकाला सर्वांत कमी.

१९७२मध्ये बसलेल्या नियोजनकाराला यातलं काय ठाऊक होतं? अठरा वर्षांचे किती असतील हे नक्की ठाऊक होतं, कारण ती मुलं तेव्हा आठ वर्षांची होऊन शाळेत बसलेली होती. त्यातले किती टक्के पुढे शिकतील हा अंदाज. नर्सरीबाबत अगदी उलट: किती टक्के आईवडील मूल पाठवतील याचा अंदाज बरा होता, पण मुलं अजून जन्मायचीच होती. ठाऊक नसलेल्या या दोन्ही गोष्टी अपेक्षेपेक्षा खाली गेल्या. उच्च शिक्षणात जाणाऱ्यांचं प्रमाण २२ टक्क्यांकडे सरकायचं सोडून सत्तरच्या दशकात १३ टक्क्यांच्या आसपास रेंगाळलं.

या घसरणीचा नर्सरीशी थेट संबंध आहे, आणि तो बहुतेक चर्चांमध्ये सुटतो. शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयांतले विद्यार्थी उच्च शिक्षणाच्या संख्येत धरलेले असत, आणि त्यांत मुलींचं प्रमाण खूप मोठं होतं. जन्म घटले की पुढे शिक्षक कमी लागणार, म्हणून प्रशिक्षणाच्या जागा कापल्या गेल्या. श्वेतपत्रिकेतच १९७१-७२च्या सुमारे १,१४,००० जागा ६०-७० हजारांवर आणायचं ठरलं होतं. पुढे कपात त्याहूनही खोल गेली. महाविद्यालयं बंद झाली, पॉलिटेक्निकमध्ये विलीन झाली. अठरा वर्षांच्या मुलींसाठी उच्च शिक्षणाचा जो सर्वांत रुळलेला दरवाजा होता, तोच अरुंद झाला. रिकाम्या होत चाललेल्या पाळण्यांनी विद्यापीठीय आकडा असा मागच्या दाराने खाली ओढला. नर्सरींचा विस्तार खरोखर झाला असता तर यातल्या काही शिक्षिका तिथे लागल्या असत्या; श्वेतपत्रिकेत तसं धरलेलंही होतं.

जन्म घटल्याने नर्सरीचं लक्ष्य उलट सोपं व्हायला हवं होतं, कारण टक्केवारी गाठायला आता कमी मुलं पुरणार होती. आणि शाळेत जाणाऱ्या तीन-चार वर्षांच्या मुलांचं प्रमाण वाढलंही: १९७०-७१मध्ये ते जेमतेम पाचात एक होतं, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला चाळीस टक्क्यांच्या घरात गेलं. आकडेवारी पाहणाऱ्याला वाटेल की आश्वासन निम्मं तरी पाळलं गेलं. पण ही वाढ बरीचशी नर्सरीत झालीच नव्हती. प्राथमिक शाळांत पट घटून वर्ग ओस पडू लागले, तेव्हा मुख्याध्यापकांनी चार वर्षांची मुलं पहिल्या, म्हणजे रिसेप्शन वर्गात लवकर घ्यायला सुरुवात केली. नवी इमारत नको, नवी शिक्षिका नको, पटही टिकला. मात्र त्या वर्गात २६ मुलांमागे दोन प्रौढ नव्हते. पाच वर्षांच्या मुलांसाठी आखलेल्या दिवसात चार वर्षांचं मूल बसवलेलं होतं. प्लाउडन यांना अभिप्रेत होतं ते हे नक्कीच नाही.

आणखी एका गोष्टीकडे मला बोट दाखवावंसं वाटतं. अडीच-तीन तासांची नर्सरी ही नोकरी करणाऱ्या आईच्या कामाची नव्हती. पूर्ण दिवसाचा सांभाळ करणारी पाळणाघरं शिक्षण खात्याकडे नव्हतीच. ती जोसेफ यांच्या खात्याकडे होती, संख्येने थोडी आणि अडचणीतल्या कुटुंबांसाठी राखलेली. एका खात्याला मुलाचं शिक्षण दिसत होतं, दुसऱ्याला कुटुंबाची अडचण, आणि आईची नोकरी दोघांच्याही फायलीत नव्हती. म्हणून नर्सरी मागण्यासाठी जो सर्वांत मोठा मतदार गट उभा राहू शकला असता, त्याला या आश्वासनात स्वतःचं फारसं काही दिसलंच नाही.

पुढे

१९७९मध्ये थॅचर पंतप्रधान झाल्या. त्यांच्या सरकारने केलेल्या १९८०च्या शिक्षण कायद्यात नर्सरी चालवणं हा परिषदांचा अधिकार आहे, कर्तव्य नाही, असं स्पष्ट लिहिलं गेलं. ज्यांनी आठ वर्षांपूर्वी सार्वत्रिक नर्सरीचं वचन दिलं होतं, त्यांच्याच राजवटीत कायद्यातली उरलीसुरली संदिग्धता मुलांच्या विरुद्ध मिटवली गेली. याला ढोंग म्हणणं सोपं आहे. मला मात्र वाटतं की १९७२च्या थॅचर मनापासून बोलत होत्या. फक्त पैसे देणारा हात त्यांचा नव्हता, आणि १९८०मध्ये तो हात आणखी आखडायचा होता.

विद्यापीठांनाही सूट मिळाली नाही. जुलै १९८१मध्ये, अठरा वर्षांच्या मुलांची संख्या शिखराकडे जात असताना, विद्यापीठ अनुदान समितीने अनुदानकपातीची पत्रं पाठवली. सॅलफर्डसारख्या विद्यापीठाचं अनुदान तर तीन वर्षांत सुमारे ४४ टक्क्यांनी घटायचं होतं. विद्यापीठांनी प्रवेश रोखले, विद्यार्थी पॉलिटेक्निककडे वळले आणि पॉलिटेक्निकांनी त्यांना कमी खर्चात सामावून घेतलं. संस्थेला जागा वाढवण्यात स्वतःचा फायदा दिसत असेल तर वरून कात्री लागली तरी जागा कुठून तरी निघतात. २२ टक्क्यांची रेषा शेवटी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ओलांडली गेली, ठरल्यापेक्षा सुमारे दहा वर्षं उशिरा, आणि १९९२मध्ये पॉलिटेक्निकच विद्यापीठं झाली.

नर्सरीला त्याहून बराच जास्त काळ लागला. १९९६मध्ये जॉन मेजर सरकारने चार वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांना १,१०० पौंडांचं व्हाउचर द्यायला आधी देशातल्या चार परिषदांच्या हद्दीत सुरुवात केली. पैसा प्रथमच परिषदेकडे न जाता मुलाच्या नावाने चालू लागला. शाळांनी ते व्हाउचर मिळवण्यासाठी चार वर्षांची मुलं आणखी भराभर रिसेप्शनमध्ये ओढली, आणि ज्या प्लेग्रुपनी तीस-पस्तीस वर्षं ही जबाबदारी वाहिली त्यांच्यातल्या अनेकांवर मुलांअभावी बंद पडायची वेळ आली. १९९७मध्ये आलेल्या मजूर सरकारने व्हाउचर रद्द केलं, पण मुलामागे पैसा हे सूत्र ठेवलं आणि परिषदांवर जागा देण्याचं कर्तव्य घातलं. इंग्लंडमधल्या चार वर्षांच्या सगळ्या मुलांना १९९८पासून आणि तीन वर्षांच्या सगळ्यांना २००४पासून मोफत अर्धवेळ जागेचा हक्क मिळाला. १९७२मध्ये जी मुलं तीन वर्षांची होती, ती तोवर पस्तिशीची झाली होती. हक्क मिळाला तो आठवड्याला साडेबारा तासांचा, म्हणजे रोजच्या अडीच तासांचा. श्वेतपत्रिकेतला अर्धा दिवस जवळपास जसाच्या तसा. नोकरी करणाऱ्या आईवडिलांच्या मुलांसाठी आठवड्याचे तीस तास यायला इंग्लंडमध्ये २०१७ उजाडलं.